आकडा खरा, पण कशाचा? लांबच्या शिकारीत लेझर रेंजफाइंडर वापरताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवं लेझर रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) घेतलंय, डब्यावर २००० मीटर छापलंय. पण भर दुपारी हरणावर धरलं की ६००च्या पुढे नुसत्या रेघा येतात, आणि कधी कधी एकाच जागी उभ्या असलेल्या जनावराचे तीन वेगवेगळे आकडे मिळतात. यंत्र खराब निघालं का, आणि लांबच्या मारासाठी ते नीट वापरायचं कसं?

यंत्र बहुतेक ठणठणीत असणार. बरीच वर्षं हे यंत्र गळ्यात अडकवून फिरलोय. त्यावरून सांगतो, रेंजफाइंडर खोटा आकडा क्वचितच देतं. दाखवलेल्या अंतरावर काहीतरी नक्की असतं. ते काहीतरी म्हणजे तुमचं हरीण, त्याच्या अलीकडचं गवत की पलीकडचा उतार, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते ठरवणं आपलं काम, आणि वापरायला शिकायचं ते एवढ्यासाठीच. (शिकार जिथे कायद्याने चालते आणि हातात परवाना आहे, तिथलंच हे सगळं बोलणं आहे. काही ठिकाणी रायफलवर बसवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं चालत नाहीत, हातातली चालतात. तेवढं आधी तपासून घ्या.)

आधी डब्यावरच्या आकड्याचं बघू. तो २००० मीटर असतो चकचकीत परावर्तकासाठी, म्हणजे रस्त्यावरच्या पाटीसारख्या वस्तूसाठी. माहितीपत्रक नीट वाचलंत तर झाडासाठी वेगळा आकडा दिलेला सापडेल आणि हरणासाठी त्याहून लहान. हरणाचा पल्ला बहुधा मोठ्या आकड्याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा असतो, तोही प्रकाश सोयीचा असेल तेव्हा. केसाळ अंग उजेड चहूकडे विखरतं, आणि ओलं, गडद अंग तर बराचसा पिऊनच टाकतं.

आतलं काम साधं आहे. यंत्र अवरक्त प्रकाशाचे अगदी छोटे झटके सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशाला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाश सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर धावतो. ५०० मीटर जाऊन परत यायला त्याला साधारण ३.३ मायक्रोसेकंद लागतात, आणि मोजणीत एक नॅनोसेकंद चुकला तर अंतरात १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे मीटरभर अचूकता ही आता काही मोठी गोष्ट राहिलेली नाही. अडतं ते परत येणाऱ्या उजेडापाशी. शिकारीच्या बहुतेक यंत्रांचा लेझर ९०५ नॅनोमीटरचा असतो. त्याच लांबीचा प्रकाश सूर्याच्या उन्हातही भरपूर असतो. आत गाळणी असते, पण ती सगळंच ऊन अडवू शकत नाही. भर दुपारी उन्हात तापलेल्या पांढुरक्या उतारावर यंत्र धरणं म्हणजे जत्रेत कुणाची कुजबुज ऐकायला जाणं. तेच यंत्र, तोच उतार, संध्याकाळी सूर्य कलल्यावर बघा. दुपारी न लागलेलं झाड सहज लागतं. पल्ला तपासायचा तर दोन्ही वेळी तपासा आणि दुपारचा आकडाच आपला माना.

अंतर वाढल्यावर यंत्र एकदम हात का टेकतं, त्यालाही कारण आहे. समोर डोंगराची अख्खी भिंत असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा उजेड साधारण चौथा हिस्सा उरतो. पण लक्ष्य झोतापेक्षा लहान असेल तर झोताचा बराच भाग बाजूनेच निघून जातो. तिथे अंतर दुप्पट म्हणजे उजेड सोळावा हिस्सा. डोंगर १२०० मीटरवर लागतो आणि हरीण ७००वर लागत नाही, ते यामुळे.

आता झोत. बघताना दिसणारं वर्तुळ किंवा चौकट म्हणजेच लेझर, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. झोत पसरत जातो, आणि किती पसरतो ते मिलिरेडियनमध्ये दिलेलं असतं. १ मिलिरेडियन म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. पुष्कळ यंत्रांचा झोत गोल नसतो, आडवा पट्टा असतो, कारण लेझर डायोडची उजेड सोडणारी फटच लांबट असते. समजा झोत २.५ बाय ०.५ मिलिरेडियन आहे. ७०० मीटरवर तो १.७५ मीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच होतो. आडव्या उभ्या हरणाचं धड लांबीला मीटरभर. म्हणजे ऐन हरणावर धरलंत तरी झोताचा मोठा भाग पुढून आणि मागून निसटतो आणि मागच्या उतारावर आपटतो. एकदा जनावर, एकदा उतार, एकदा मधलं झुडूप: तुमचे तीन आकडे हे असे येतात. तुमच्या यंत्राचा झोत कसा आहे ते माहितीपत्रकात बघाच. पट्टा आडवा असेल आणि जनावराच्या दोन्ही बाजूंना मोकळं असेल, तर यंत्र ९० अंशात उभं धरून बघा. कधी कधी तेवढ्यानेच आकडा जमतो.

त्यात आणखी एक भानगड अशी, की झोत चौकटीच्या बरोबर मधोमध असेलच याची खात्री नसते. कारखान्यातून निघताना जुळवलेला असतो, पण थोडाफार सरकलेला असू शकतो, आणि यंत्र एकदा दगडावर पडलं की बोलायलाच नको. ही तपासणी मी नव्या यंत्राची पहिल्याच दिवशी करतो. साधारण ३०० मीटरवरचा एकटा खांब निवडायचा, ज्याच्या मागे दूरपर्यंत काही नाही किंवा असलंच तर खूप लांब आहे. यंत्र ट्रायपॉडवर घट्ट बसवायचं, सतत मोजणारा स्कॅन मोड लावायचा, आणि चौकट डावीकडून अगदी सावकाश खांबाकडे आणायची. आकडा कोणत्या क्षणी खांबावर उडी मारतो ते बघायचं. मग उजवीकडून तसंच. वर-खालचं बघायला एखाद्या भिंतीची वरची कड घ्यायची. चौकट अजून खांबाच्या डावीकडेच आहे आणि आकडा मात्र खांबाचा येतोय, तर झोत चौकटीच्या उजवीकडे सरकलेला आहे. माझ्या एका यंत्राचा झोत चौकटीच्या अर्ध्या रुंदीएवढा उजवीकडे आणि किंचित खाली होता. बहुतेक यंत्रांत हे आपल्याला दुरुस्त करता येत नाही. मी बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर एक ठिपका काढून ठेवला: मधली चौकट आणि खरा झोत कुठे ते. पुढे तीन हंगाम ते यंत्र बिनतक्रार वापरलं. ही अर्ध्या तासाची तपासणी न करता महागडं यंत्र विकून टाकणारे लोक मी पाहिलेत.

हात स्थिर असणं हे तर आलंच. उभ्याने, एका हातात धरून ७०० मीटरवरचं जनावर मोजू नका. बसा, कोपरं गुडघ्यावर टेका, नाहीतर ट्रायपॉड, पाठपिशवी, खडक, जे असेल त्यावर यंत्र ठेवा. बटण रायफलच्या घोड्यासारखं हळू दाबायचं. टचकन दाबलं की झोत नेमका त्याच क्षणी हलतो. आणि बोट कुठे आहे ते बघा. पुढच्या बाजूच्या काचांपैकी एकीतून प्रकाश बाहेर जातो, दुसरीतून परत येतो. जाड हातमोजे घातले की एक बोट नकळत खालच्या काचेवर येतं. मग दृश्य स्वच्छ दिसतं आणि आकडा मात्र येत नाही. माणूस बॅटरी बदलतो, सेटिंग बदलतो, आणि बोट तिथेच. मीही हे केलंय, एकदा नाही.

मोडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लांबच्या मारातली माझी सगळ्यात मोठी चूक इथेच होता होता राहिली. बहुतेक यंत्रांत दोन मोड असतात. एकात झोताला मिळालेली पहिली वस्तू दाखवतात, दुसऱ्यात शेवटची. पुढे गवत, फांद्या, पाऊस असेल तर शेवटचीवाला मोड लावायचा, म्हणजे अलीकडचा अडथळा यंत्र सोडून देतं. एका संध्याकाळी रिमझिम होती म्हणून मी तो लावला आणि विसरलो. सकाळी आभाळ मोकळं, समोर घळ, घळीच्या अलीकडच्या काठावर रानबकरा. आकडा आला ६१२. पुन्हा दाबलं, ६१२. तिसऱ्यांदा, ६१३. इतका ठाम आकडा म्हटल्यावर मी टरेट (अंतराप्रमाणे नेम वर-खाली करायची स्कोपवरची चकती) फिरवायला घेतला. शेजारी बसलेला सोबती म्हणाला, "दादा, त्याच्या पायाशी तो काळा दगड आहे ना, तो मोजा बरं." दगड ५४५. बकऱ्याच्या अंगावरून निसटलेला झोत घळीपलीकडचा उतार मोजत होता, आणि मीच त्याला शेवटची वस्तू दाखवायला सांगून ठेवलं होतं. ७८०-७९० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटणाऱ्या .३०८ कॅलिबरच्या जड गोळीला तेवढा फरक पुरतो. ती लक्ष्यापेक्षा ४० सेंटिमीटरहून जास्त वरून गेली असती. हे नशिबाचंच म्हणायचं, कारण असा फरक थोडा कमी असता तर गोळी पाठीला चाटून गेली असती आणि जनावर जखमी होऊन घळीत उतरलं असतं.

तेव्हापासून एकच आकडा तीनदा आला म्हणून मी तो मानत नाही. तीनदा सारखा येणं याचा अर्थ एवढाच, की यंत्र तीनदा तीच वस्तू मोजतंय. मी आधी जनावर मोजतो, मग त्याच्या पायाजवळचा दगड किंवा बुंधा, मग मुद्दाम मागचं काहीतरी. जनावर आणि दगड जुळले आणि मागचा उतार वेगळा आला, तर आकडा पक्का. जनावर आणि मागचा उतार जुळले तर सावध, दोन्हींपैकी काय मोजलं गेलंय ते कळलेलं नाही. कड्याच्या टोकावर, मागे नुसतं आकाश असलेल्या जनावराची गंमत उलटी असते. आकडा मिळायला वेळ लागतो, पण मागून काहीच परत येत नसल्याने मिळालेला आकडा बहुतेक त्याचाच असतो. (तिथे गोळी मात्र झाडायची नाही. चुकलेली गोळी कुठे जाऊन पडेल ते दिसत नाही.) सगळ्यात फसवं म्हणजे सपाट गवताळ मैदान. झोताचा खालचा भाग जमिनीला घासत जातो आणि जनावराच्या तीस-चाळीस मीटर अलीकडचं गवत मोजलं जातं. तिथे झोत जनावराच्या खांद्याच्या वरच्या भागावर धरा, किंवा दहा-वीस फूट उंच जागा शोधा.

मीटर दोन मीटरची चिंता कुठे करायची तेही बघून ठेवा. वर सांगितलेल्या .३०८च्या गोळीला ३०० मीटरवर १० मीटरची चूक साधारण ३ सेंटिमीटर पडते, ६००वर ७-८ सेंटिमीटर, ८००वर १३च्या आसपास. हरणाच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग २०-२५ सेंटिमीटरचा, म्हणजे मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे १०-१२ हातात. ३००वर अंतर डोळ्याने अजमावलं तरी निभावतं. ६००वर निभावत नाही. तिथे रेंजफाइंडर हवंच.

चढ-उताराचा कोन बहुतेक नवी यंत्रं स्वतःच मोजतात आणि दोन आकडे दाखवतात: एक थेट रेषेतलं अंतर, दुसरं आडवं अंतर. गोळी किती खाली येईल ते आडव्या अंतरावर ठरतं, मग तुम्ही वर मारा की खाली. ३५ अंशांच्या उतारावर थेट ४२० मीटर असलेलं जनावर आडवं मोजलं तर ३४४ मीटरच भरतं. ४२०चा हिशोब केलात तर गोळी फूटभर वर जाते. १० अंशांपर्यंत फरक दीड टक्क्याच्या आतच असतो, तिथे डोकं शिणवू नका. खूप लांब आणि खूप तिरकं असेल तेव्हा हा आडव्या अंतराचा साधा नियमही (कोसाइनचा) थोडा चुकतो, मग बॅलिस्टिक गणित, म्हणजे गोळीच्या मार्गाचा हिशोब, करणारं अ‍ॅप किंवा यंत्र बरं. पण लोक एक गोष्ट हमखास विसरतात. वाऱ्याचा हिशोब थेट अंतरावरच करायचा, कारण गोळी ४२० मीटर हवा कापत जाते, ३४४ नाही.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आडवा वारा ताशी १० किलोमीटर असेल तर ६०० मीटरवर हीच गोळी सुमारे ६० सेंटिमीटर वाहून जाते. तुमचा अंदाज निम्म्याने चुकला तर ३० सेंटिमीटरची चूक, आणि याबद्दल रेंजफाइंडर काही सांगत नाही. शिवाय ६०० मीटरला गोळी पोचायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं. मीटरच्या काट्यावर अंतर कळलं की माणसाला उगाच सगळंच कळल्यासारखं वाटायला लागतं, ही या यंत्राची वाईट खोड. माझ्याकडे हे यंत्र आल्यापासून मी लांबून झाडलेल्या गोळ्या वाढल्या नाहीत, कमी झाल्या. पूर्वी ज्याला मी "चारशे असेल" म्हणायचो ते पुष्कळदा साडेपाचशे निघालं. घळीपलीकडचं जनावर स्वच्छ उन्हात नेहमी जवळ वाटतं.

यंत्रातच बॅलिस्टिक गणित असेल तर त्याचा तापमानाचा सेन्सर कुठून वाचतोय ते लक्षात ठेवा. जॅकेटच्या आतून काढलेलं यंत्र बाहेर कडाक्याची थंडी असताना तुमच्या अंगाचीच ऊब वाचतं. त्याला हवेत निवायला थोडा वेळ द्या. बॅटरीचं याच्या उलट. छोट्या लिथियम बॅटरीची ताकद थंडीत कमी होते, म्हणून सुटी बॅटरी आतल्या खिशात ठेवा. आणि बॅटरी बदलली की एकक बघा. काही यंत्रं परत यार्डावर जातात. पडद्यावर ५४० दिसतात, कोपऱ्यातलं बारीक अक्षर कुणी बघत नाही, आणि जनावर असतं ४९४ मीटरवर. तेवढ्याने गोळी पाव मीटर वर जाते. निघायच्या आधी माहीत असलेल्या एका अंतरावर रोज एकदा बटण दाबून बघायचं, त्यात यार्ड-मीटर, मोड आणि काचेवरचं धुकं सगळं एकदम कळतं.

धुकं, पाऊस आणि बर्फ यांत फार आशा ठेवू नका. विरळ धुक्यात डोळ्याला जनावर दिसतं आणि यंत्र २०-३० मीटरवरचं धुकंच मोजत बसतं. काही महाग यंत्रांत १५५० नॅनोमीटरचा लेझर असतो. तो उन्हात आणि डोळ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगला, पण पाणी तो शोषतं, त्यामुळे ओल्या आणि बर्फाळ पृष्ठभागावर त्याचा जोर कमी पडतो. जनावराला झोत दिसतो का, असंही पुष्कळ जण विचारतात. नाही दिसत. हरणाची नजर निळ्या रंगाकडे तरबेज असते, अवरक्ताकडे नाही. त्याला दिसतो तो तुमचा हलणारा हात.

म्हणूनच सगळ्यात चांगलं मोजमाप जनावर यायच्या आधीचं. जागेवर पोचलात की बसून समोरच्या सात-आठ खुणा मोजा: दुभंगलेलं झाड, पांढरा दगड, ओढ्याचं वळण. कागदावर उभंआडवं चित्र काढा, अंतरं लिहा. जनावर येईल तेव्हा ते यातल्याच कुठल्यातरी खुणेशेजारी असेल, हात हलवायची गरजही कमी पडेल, आणि यंत्राचा आकडा खुणेशी पडताळता येईल. यंत्र बंदच पडलं तर स्कोपमधल्या मिलच्या (म्हणजे मिलिरेडियनच्या) खुणा आहेतच. छाती ४५ सेंटिमीटर उंच धरली आणि ती १ मिल भरली तर अंतर ४५० मीटर. पण तीच छाती खरोखर ४० सेंटिमीटरची असेल तर अंतर ४०० मीटर. एवढी घसरण या पद्धतीत असते, म्हणून लांबच्या माराला मी ती वापरत नाही, नुसता आकडा वेडावाकडा तर नाही ना हे बघायला वापरतो.

गोळी सुटल्यावरही यंत्र खिशात घालू नका. जनावर उभं होतं ती जागा लगेच पुन्हा मोजा, तिच्या मागची एखादी खूण हेरून ठेवा, आणि जागेवरून उठण्याआधी तुमची भडक रंगाची टोपी तिथेच फांदीला अडकवा. घळ उतरून पलीकडे गेलात की सगळं वेगळं दिसतं. सहाशे मीटरवरून ठळक वाटलेलं झुडूप जवळ गेल्यावर वीस झुडपांत हरवतं. तिथून मागे वळा, टोपी शोधा, मोजा. आकडा ६०० होता आणि आता ५७० येतोय, तर अजून तीस मीटर पुढे जायचंय. आकडा जुळला की थांबा आणि रक्ताचा माग तिथून पुढे शोधायला लागा.